ठाण्याचा किल्ला: तुरुंग हलवायच्या आधी तट कागदावर यायला हवा

टी-स्क्वेअर
कळव्याहून पूल ओलांडून बस ठाण्यात शिरते तेव्हा काळ्या दगडाची एक जुनी भिंत लागते. रोज हजारो लोक तिच्या बाजूने जातात आणि विचारलं तर सांगतात, सेंट्रल जेलची भिंत. मीही कित्येक वर्षं तसंच म्हणत होतो. पण ती भिंत जेलची नाही, जेल तिच्या आत मागाहून आलं. तो किल्ल्याचा तट आहे, आणि साष्टी बेटावर कोणाची सत्ता चालणार हे ज्या लष्करी ठाण्यावरून ठरायचं ते ठाणं हेच.

पोर्तुगीजांनी १७३० च्या सुमारास हा किल्ला बांधायला घेतला. काम पुरं व्हायच्या आत, १७३७ साली, चिमाजी अप्पांच्या साष्टीच्या मोहिमेत मराठ्यांनी ठाणं घेतलं. अपुरी राहिलेली बांधकामं मराठ्यांनी पूर्ण केली. १७३९ च्या मे महिन्यात वसई पडली, तिची पहिली पायरी ठाण्यात होती. पुढे २८ डिसेंबर १७७४ ला इंग्रजांनी किल्ला हल्ला करून घेतला. सालबाईच्या तहाने १७८२ साली साष्टी कायमची त्यांच्याकडे गेली आणि लढायचं कारण संपल्यावर किल्ल्याचा तुरुंग झाला. त्या तुरुंगात १९ एप्रिल १९१० ला अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या खुनाबद्दल फाशी दिली.

म्हणजे चार थर आहेत: पोर्तुगीज पाया, मराठी काम, इंग्रजी डागडुजी आणि शंभराहून जास्त वर्षांचा तुरुंग. महाराष्ट्रात किल्ल्यांची कमी नाही, पण एका तटाच्या आत एवढं सगळं आणि तेही अजून वापरात, असं क्वचित सापडतं.

मी तीसेक वर्षं वास्तुविशारदांच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होतो, त्यामुळे माझी नजर आधी आखणीकडे जाते. हा भुईकोट आहे. डोंगरी किल्ल्याचं निम्मं काम कडा करतो. भुईकोटाला कडा नाही, म्हणून सगळी भिस्त तटाची जाडी, खंदक आणि बुरुजांची जागा यांच्यावर. तोफा आल्यानंतरच्या या युरोपीय पद्धतीत तट फार उंच नेत नाहीत, कारण उंच भिंत म्हणजे गोळ्याला मोठं निशाण. तट बसका, जाड, पायथ्याकडे ढाळ दिलेला. बुरुज तटाच्या रेषेबाहेर पुढे आलेले, म्हणजे एका बुरुजावरून दुसऱ्या बुरुजापर्यंतच्या तटाच्या पायथ्याशी आलेला शत्रू आडव्या माऱ्यात सापडतो. नकाशावर बघितलं की ही भूमिती एका क्षणात कळते, रस्त्यावरून बघितलं की अजिबात कळत नाही. कुणी मुद्दाम दाखवल्याशिवाय आपल्या लोकांना तिथे किल्ला दिसत नाही, त्याचं हे एक कारण आहे.

आता मुद्द्यावर येतो. तुरुंग शहराबाहेर न्या आणि किल्ला लोकांसाठी खुला करा, अशी मागणी ठाण्यात अधूनमधून होते. मागणी मनापासूनची आहे आणि मलाही आत जायचं आहे. पण माझं म्हणणं वेगळं आहे. तुरुंग जायच्या आधी तट, बुरुज, दरवाजा, आतली प्रत्येक जुनी बराक यांचं पूर्ण मोजमाप व्हायला हवं. प्लॅन, छेद, दर्शनी आराखडे, प्रत्येक भिंतीचे फोटो, कुठलं दगडकाम जुनं आणि कुठलं नंतरचं याच्या नोंदी. हे झाल्याशिवाय एकही कुलूप उघडू नये. आज त्या तटाला सगळ्यात मोठं संरक्षण तुरुंगाचंच आहे. दारावर पहारा आहे म्हणून आत कोणाचा हातोडा गेला नाही. पहारा उठेल त्या दिवशी ती शहराच्या मध्यावरची मोकळी जमीन होईल, आणि ठाण्यात मोकळ्या जमिनीचं काय होतं ते मी सांगायला नको.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. आमचा चेंदणीतला वाडा पाडला तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा होतो. पाडायच्या आधीच्या दोन रविवारी मी आणि धाकट्या भावाने टेप लावून तो मोजला. ओटी, माजघर, न्हाणी, माळ्याचा जिना, सगळं. बांधकाम करणाऱ्याने सागवानी खांब आणि त्यांच्या माथ्याचे कोरीव हस्त, म्हणजे तुळईला आधार देणारे लाकडी ब्रॅकेट, जपून ठेवू असं सांगितलं होतं, ते कुठे गेले ते आजतागायत कळलं नाही. माझ्याकडे ट्रेसिंग पेपरवरचे तीन कागद राहिले. आईला शेवटी शेवटी काही आठवेनासं झालं होतं, पण तो कागद समोर धरला की ती बोट ठेवून सांगायची, इथे माझी चूल होती.

किल्ल्याचे असे कागद व्हायला हवेत. तुमचं मत सांगा.

खारकर आळी
धागा चांगला आहे काका, पण एक गोष्ट स्पष्ट विचारतो. आमची इमारत तुरुंगापासून चालत पाच मिनिटांवर. चाळीस वर्षांपेक्षा जुनी, गच्ची गळते, जिन्याच्या सळ्या दिसतात. पुनर्विकासासाठी आम्ही किती वर्षं बसलोय ते आमचं आम्हाला माहीत. उद्या किल्ला केंद्राच्या पुरातत्त्व खात्याचं स्मारक झाला तर शंभर मीटरच्या आत नवीन बांधकाम बंद, पुढच्या दोनशे मीटरला परवानगी लागणार. तुरुंगाच्या सुरक्षेमुळे उंचीवर मर्यादा आत्ताच आहेत. वारसा जपायचा म्हणजे आम्ही पडक्या घरात राहायचं का? मी रागाने लिहीत नाही. माझ्या आजोबांचा जन्म याच आळीतला आणि तो तट माझाही आहे.

टी-स्क्वेअर
तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे, आणि तो टाळून कुठलीही वारसा-चळवळ ठाण्यात उभी राहणार नाही असं मला वाटतं.

तुम्ही म्हणता तो नियम १९५८ च्या केंद्रीय कायद्यातला, २०१० च्या दुरुस्तीने आणखी कडक झालेला. संरक्षित हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित, त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित. पण वारसा जपायचा तो एकच रस्ता नाही. राज्याचा १९६० चा स्वतंत्र कायदा आहे, राज्य पुरातत्त्व संचालनालय त्याखाली स्मारकं जाहीर करतं. आणि तिसरा रस्ता नगरनियोजनाचा, म्हणजे महापालिकेच्या वारसा यादीचा. मुंबईत १९९५ पासून तशी नियमावली आहे. बाकी महाराष्ट्राला लागू झालेल्या २०२० च्या एकात्मिक नियमावलीतही वारसा वास्तूंच्या श्रेणी आणि समितीची तरतूद आहे. या रस्त्याने जी वास्तू यादीत येते तिच्यातल्या बदलांवर लक्ष राहतं, पण आजूबाजूची अख्खी आळी आपोआप गोठत नाही.

गजबजलेल्या जुन्या ठाण्यासाठी मला हा तिसरा रस्ता जास्त शहाणपणाचा वाटतो. पण कुठलाही रस्ता घ्या, पहिला कागद लागतो तो मोजणीचा. हद्द कुठली, तट कुठून कुठे, हेच काढलेलं नसेल तर शंभर मीटर तरी कुठून मोजणार?

मोडी वाचक
इतिहासात थोडी भर घालतो, कारण १७७४ ची लढाई फार पटकन आटोपली जाते.

त्या वर्षी पोर्तुगीज साष्टी आणि वसई परत घ्यायची तयारी करत असल्याची खबर मुंबईत आली. इकडे पुण्यात नारायणरावांच्या खुनानंतरची यादवी चालू. साष्टी पोर्तुगीजांच्या हातात जायच्या आत आपणच घ्यावी असं मुंबईकर इंग्रजांनी ठरवलं. जनरल गॉर्डन सैन्याचा प्रमुख, आरमाराचा प्रमुख कमोडोर जॉन वॉटसन. तोफांनी तट फोडल्यावर २७ डिसेंबरच्या रात्री त्यांनी खंदक बुजवायचा प्रयत्न केला, तो किल्ल्यातल्या शिबंदीने मोठी हानी करून उधळला. दुसऱ्या दिवशी हल्ला झाला आणि किल्ला पडला. वॉटसन याच वेढ्यात जखमी होऊन मेला.

या एका रात्रीत तुमच्या वास्तुशास्त्राचा पुरावा आहे, टी-स्क्वेअर. खंदक होता, तो बुजवल्याशिवाय भिंतीला भिडता येत नव्हतं, आणि बुजवायला आलेल्यांवर बुरुजांवरून मारा करता येत होता. आज खंदक दिसत नाही. पण बुजलेला खंदक नाहीसा होत नाही, त्याची माती भोवतालच्या मातीपेक्षा वेगळी राहते. मोजणी होईल तेव्हा तटाबाहेरची पट्टीही तिच्यात धरा.

दुसरी गोष्ट दुसऱ्या बाजीराव पेशव्यांचे विश्वासू कारभारी त्रिंबकजी डेंगळ्यांची. बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धनांचा १८१५ साली पंढरपुरात खून झाला, त्या प्रकरणात इंग्रजांनी बाजीरावांवर दबाव आणून त्रिंबकजींना ताब्यात घेतलं आणि इथे ठेवलं. पहारा मुद्दाम गोऱ्या शिपायांचा. सप्टेंबर १८१६ मध्ये ते निसटले. एका साहेबाचा मराठी मोतद्दार खिडकीखाली घोड्याला खरारा करता करता गात असे आणि त्या गाण्यातून आतल्या कैद्याला निरोप मिळत असे, अशी कथा आहे. पहारेकऱ्यांना मराठी कळत नव्हतं. बिशप हेबर १८२५ मध्ये ठाण्यात सेंट जेम्स चर्चच्या अर्पणविधीला आला होता, त्याने ही हकीकत आपल्या प्रवासवर्णनात नोंदवली. ते चर्चही उभं आहे. तिथपासून तुरुंगापर्यंत चालत गेलं तर ही सगळी गोष्ट पायाखालून जाते.

राबोडीकर_९९
माझं मत जरा वेगळं आहे. पोर्तुगीज आणि मराठ्यांचा किल्ला दाखवायचा असेल तर आतल्या इंग्रजी बराकी, पत्र्याच्या शेड, ऑफिसं हे सगळं काढून टाकलं पाहिजे. चिमाजी अप्पांनी जिंकलेला किल्ला बघायला आलेल्या माणसाला कैद्यांचं स्वयंपाकघर कशाला दाखवायचं? तट साफ करा, मध्ये मोकळं मैदान ठेवा, ध्वज उभारा. लोक येतील, मुलं येतील, अभिमान वाटेल.

परतलेला ठाणेकर
राबोडीकर, तुमची तळमळ कळते, पण एक उदाहरण सांगतो, कारण नोकरीच्या निमित्ताने मी बरीच वर्षं दिल्लीत काढली.

लाल किल्ल्यात १८५७ नंतर इंग्रजांनी आतले बहुतेक महाल पाडले आणि गोऱ्या फौजेसाठी बराकी बांधल्या. स्वातंत्र्यानंतर आपलं सैन्य तिथे राहिलं. डिसेंबर २००३ मध्ये सैन्याने किल्ल्याचा ताबा पुरातत्त्व खात्याला दिला, २००७ मध्ये तो जागतिक वारसा यादीत गेला. ताबा मिळाल्यावर पहिला प्रश्न हाच होता की या बराकींचं काय करायचं. शहाजहानच्या किल्ल्यात त्या खुपतातच. तरी त्या ठेवल्या. एक तर त्या पाडून महाल परत येणार नव्हते. आणि दुसरं म्हणजे १९४५ साली आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवरचा खटला त्याच लाल किल्ल्यात चालला. २०१९ मध्ये त्या बराकींमध्ये स्वातंत्र्यलढ्याची संग्रहालयं सुरू झाली. मी बघितली आहेत. जाड भिंती, उंच छत, लांबच लांब व्हरांडे. इमारत म्हणूनसुद्धा त्या बघण्यासारख्या आहेत.

ठाण्यातही तसंच आहे. कान्हेरे, कर्वे, देशपांडे यांना फाशी झाली ती चिमाजी अप्पांच्या किल्ल्यात नव्हे, इंग्रजांच्या तुरुंगात. तुरुंग पुसलात तर ते तिघंही पुसले जातील. कान्हेरे जेमतेम अठरा वर्षांचे होते. मृतदेहसुद्धा घरच्यांना दिले नाहीत. कुठे समाधी नाही, त्यांची शेवटची म्हणावी अशी एवढीच जागा.

उलटं उदाहरण अंदमानचं. सेल्युलर जेल १९०६ मध्ये पूर्ण झालं तेव्हा मधल्या मनोऱ्याभोवती सात इमारती होत्या. राष्ट्रीय स्मारक म्हणून १९७९ मध्ये जाहीर होईपर्यंत चार पडल्या होत्या, त्या जागेत रुग्णालय आलं. आज आपण उरलेल्या तीन बघून नतमस्तक होतो आणि बाकीच्या चार नकाशात शोधतो.

राबोडीकर_९९
फाशीच्या जागेचा विचार मी केला नव्हता. ती जागा आणि जुन्या दगडी बराकी ठेवायला माझी हरकत नाही. पत्र्याच्या शेडबद्दल मात्र मत बदलणार नाही.

टी-स्क्वेअर
पत्र्याच्या शेडबद्दल मी तुमच्याच बाजूने आहे. पण ती उतरवायच्या आधी तिचाही एक फोटो आणि एक माप. शेडच्या आत कधीकधी जुनी कमान सापडते.

क्वार्टर नंबर सात
मी सहसा फक्त वाचते. आज लिहावंसं वाटलं.

माझे वडील तुरुंग खात्यात होते. कुठल्या जेलमध्ये ते सांगत नाही, पण माझं बालपण अशाच एका जुन्या तटाजवळच्या क्वार्टरमध्ये गेलं. तुम्ही सगळे दगडाबद्दल बोलताय. मी तटाच्या दारातल्या रांगेबद्दल बोलते. मुलाखतीची रांग. सकाळी साडेसातपासून बायका येऊन बसायच्या, कडेवर मूल, हातात पिशवी. कोणी मुरबाडहून, कोणी भिवंडीहून. नाव पुकारलं की धावत जायच्या, काही मिनिटं बोलून परत यायच्या. बरेच कैदी कच्चे असतात, म्हणजे खटला अजून चालू आहे, गुन्हा सिद्ध व्हायचा आहे. त्यांना तारखेला कोर्टात न्यावं लागतं. ठाण्यात कोर्ट जवळ, स्टेशन जवळ, एसटी जवळ. तुरुंग लांब कुठेतरी माळावर गेला तर त्या बायकांचा अख्खा दिवस आणि दिवसाची मजुरी जाईल.

किल्ला खुला व्हावा असं मलाही वाटतं. पण आतली गर्दी, गळणारी छपरं, जुन्या बराकीतला उन्हाळा हेही खरं आहे, आणि नवीन जागा नीट झाली तर कैद्यांचंही भलं होईल. माझी एवढीच विनंती की तुरुंग हलवायची चर्चा होईल तेव्हा नव्या जागेपर्यंत बस जाते का, हा प्रश्न पहिल्या पानावर असावा. वारशाच्या उत्साहात ही माणसं कोणाला दिसत नाहीत.

टी-स्क्वेअर
ताई, हे माझ्या मूळ लेखात असायला हवं होतं. ते राहून गेलं.

तुमचं वाचून एक मधला रस्ता सुचतो. किल्ला खुला करायला तुरुंग पूर्ण हलायलाच हवा असं नाही. येरवड्याला २६ जानेवारी २०२१ पासून कारागृह पर्यटन सुरू झालं. तुरुंग चालू आहे आणि ठरलेल्या वेळी, नोंदणी करून, गांधीजी, टिळक राहिले ती आवारं आणि पुणे करार झाला ती जागा बघता येते अशी ती कल्पना. अहिल्यानगरचा भुईकोट तर लष्कराच्या ताब्यात आहे, तरी १९४२ मध्ये नेहरू, पटेल, मौलाना आझाद यांना जिथे ठेवलं त्या खोल्या ओळखपत्र दाखवून बघता येतात. म्हणजे पहारा आणि पाहुणा एकत्र नांदू शकतात.

नांगर
लष्करी ताब्याचा विषय निघालाच आहे तर मुंबईचं सांगतो. मी नौदलात होतो. आयएनएस आंग्रे हे पश्चिम विभागाचं प्रशासकीय ठाणं. आपण त्याला आंग्रे म्हणतो, पण ती जागा म्हणजे मूळचा बॉम्बे कॅसल. पोर्तुगीज काळात तिथे गार्सिया द ओर्ता या वैद्य-वनस्पतिशास्त्रज्ञाचं घर होतं. १६६५ साली मुंबई इंग्रजांच्या हवाली झाली तो व्यवहार त्याच घरात झाला. मग इंग्रजांनी भोवती कोट बांधला. १८६० च्या दशकात मुंबई शहराचा तट पाडला, पण कॅसलचा काही भाग वाचला, कारण तो फौजेच्या ताब्यात होता. दरवाजाच्या दोन्ही बाजूंना पोर्तुगीज शिपायांच्या दगडी आकृती आहेत, आत जुनं सूर्यघड्याळ आहे. फेब्रुवारी १९४६ च्या नाविकांच्या उठावात तिथे, तेव्हाच्या कॅसल बॅरक्समध्ये, गोळीबार झाला. आणि १९५१ मध्ये त्याच ठिकाणाला कान्होजी आंग्र्यांचं नाव मिळालं, ज्यांच्याशी लढायला त्या कोटातून जहाजं निघायची.

ड्युटीवर असताना मी रोज त्या दरवाजातून गेलो आणि पहिली दोन वर्षं एकदाही मान वर करून त्या शिपायांकडे बघितलं नाही. एका ज्येष्ठ अधिकाऱ्यांनी थांबवून दाखवलं तेव्हा बघितलं. सांगायचं ते असं की फौज किंवा तुरुंग खातं वास्तू टिकवतं, झाडलोट, रंगरंगोटी, शिस्त सगळं असतं. पण ती टिकवायची कशी याचं शिक्षण तिथल्या माणसाला दिलेलं नसतं. तपासणीच्या आधी दगडाला ऑइलपेंट मारतात तो कोणी वाईट हेतूने मारत नाही.

चुनकळी
नांगर साहेब, ऑइलपेंट तर आहेच, त्याहून वाईट सिमेंट.

आमच्या घरात तीन पिढ्या गवंडीकाम. आजोबा चुन्यात काम करायचे, वडील निम्मं चुन्यात निम्मं सिमेंटमध्ये, मी सुरुवात सिमेंटपासून केली आणि आता वय झाल्यावर चुना शिकलो, एका जुन्या देवळाच्या कामावर. तेव्हा कळलं आजोबा काय म्हणायचे ते.

जुना तट म्हणजे आरपार दगड नसतो. बाहेर घडीव चिरे, आत घडीव किंवा ओबडधोबड चिरे, आणि मधल्या पोटात चुन्यात टाकलेले लहान दगड. चुना ओल शोषतो आणि सोडतो. चार महिने भिंत पाणी पिते, दिवाळीनंतर हळूहळू श्वास टाकल्यासारखी सुकत जाते. तुम्ही बाहेरून दरजा, म्हणजे चिऱ्यांमधले सांधे, सिमेंटने भरल्या की ती ओल कोंडते. आतला चुना धुपत जातो, मधलं पोट पोकळ होतं, आणि एक दिवस भिंतीला बाहेरून पोट येतं. बघणाऱ्याला वाटतं दगड सरकला. दगड नाही सरकत, आतलं गेलेलं असतं. खाडीकाठी आणखी एक त्रास. ओलीबरोबर खार वर चढतो, सुकताना मिठाचे खडे होतात आणि दगडाचा पापुद्रा उचलतात.

चुना करायला वेळ लागतो म्हणून कोणी करत नाही. चुनकळी पाण्यात विरवायची, ती नीट मुरू द्यायची. मग वाळू आणि विटेची सुरखी घालून घाण्यात दळायची. आमच्या आजोबांकडे बैलाचा घाणा होता. वर हिरड्याचं पाणी, गूळ, कुठे बेलफळाचा गर. प्रत्येक गावाचं प्रमाण वेगळं, कारण वाळू वेगळी. म्हणून जुन्या चुन्याचा तुकडा तपासून मगच नवा मळायचा असतो.

आणि पिंपळ. तटावरचा पिंपळ वरून छाटला की दुप्पट जोमाने येतो. मूळ चिऱ्यांच्या मागे गेलेलं असतं. ते ओढून काढायला गेलात तर चिरा बरोबर येतो. ते आधी मारावं लागतं, जागीच वाळू द्यावं लागतं आणि पोकळी चुन्याने भरावी लागते. काका, तुमच्या मोजणीत प्रत्येक झाडाची जागा टाका. किल्ल्याचं आयुष्य त्यावरून कळतं.

टी-स्क्वेअर
ही माहिती मला ऑफिसात तीस वर्षांत कोणी दिली नाही. आमच्या ड्रॉइंगवर फक्त लिहिलेलं असायचं, "दगडी भिंतीची दुरुस्ती करावी". दरजा कशाने भरल्या आहेत, पोट कुठे आलंय, झाड कुठे आहे, या तीन गोष्टी नकाशावर दाखवायच्याच हे आजपासून पक्कं.

खाडीपल्याड
मी बेलापूरची. खाडीच्या या बाजूने दोन शब्द.

आमच्याकडेही किल्ला आहे. तो पनवेलच्या खाडीवर नजर ठेवायचा. आज सीवूड्स-बेलापूरच्या टॉवरांमध्ये त्याचा बुरुज आणि पडक्या भिंती तेवढ्या उरल्यात. सिडकोने संवर्धनाचं काम हाती घेतलं हे चांगलंच झालं. पण काम सुरू होईपर्यंत हाती किती थोडं शिल्लक होतं! आमचा किल्ला ओस पडला, कोणी वापरला नाही, म्हणून गेला. दगड उचलला गेला, झाडं वाढली, वस्ती सरकत आली. तुमचा वापरात राहिला म्हणून उभा आहे. काका म्हणतात ते मला म्हणूनच पटतं. माझ्या मुलीला शाळेत किल्ल्याचा प्रकल्प होता, तिने विचारलं की पूर्ण किल्ला कसा दिसायचा. दाखवायला माझ्याकडे काहीच नव्हतं. तिने मनानेच काढला, चार बुरुज आणि वर झेंडा.

खारकर आळी
काका, मग सुरुवात कशी करायची? परवानगीशिवाय आत जाता येणार नाही, आणि तुरुंगाचे बाहेरून फोटो काढत उभं राहणंही बरोबर नाही. मी एका कार्यालयात जुना नकाशा मिळेल का म्हणून गेलो होतो. तीन खेपा झाल्या, प्रत्येक खिडकीने पुढची खिडकी दाखवली. आता दमलो.

टी-स्क्वेअर
फोटो नकोच. सुरक्षेची जागा आहे, तिथल्या लोकांना उगाच त्रास. आतलं मोजमाप सरकारी परवानगीने, वास्तुकलेच्या महाविद्यालयाला किंवा संवर्धन वास्तुविशारदाला सोबत घेऊनच व्हायला हवं, आणि तसा अर्ज मी लिहायला घेतला आहे. मसुदा इथेच टाकेन. क्वार्टर नंबर सात, तुमचा मुलाखतीच्या रांगेचा मुद्दा त्यात तुमच्याच शब्दांत घेऊ का?

दरम्यान दोन कामं आपल्या हातात आहेत. एक, मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य पुराभिलेखागार. कंपनी सरकारच्या काळातले लष्करी आणि बांधकाम खात्याचे कागद तिथे आहेत. मोडी वाचक, तुम्ही बरोबर याल का? नुसतं इंग्रजी वाचून भागणार नाही.

दुसरं घरातलं काम. जुन्या ठाण्यात राहणाऱ्या प्रत्येकाने ट्रंकेतले अल्बम काढा. लग्नाच्या वराती, शाळेच्या सहली, सायकलवर बसलेला मामा. मागे कुठेतरी तट आला असेल. पन्नास-साठ वर्षांपूर्वी दरजा कशा होत्या, पिंपळ होता की नव्हता, तटाचा माथा कसा होता, हे त्या फोटोंत आहे आणि कोणत्याही दप्तरात नाही.

मोडी वाचक
येतो. मंगळवार जमेल. डबा घेऊन या, दिवस जाईल.

क्वार्टर नंबर सात
घ्या. नाव नको, बाकी सगळं घ्या.

राबोडीकर_९९
आजीला विचारलं. तिच्याकडे एक फोटो आहे, १९६४ चा, मागे लिहिलंय. आजोबा नवीन सायकल घेऊन उभे आहेत आणि मागे काळी दगडी भिंत आहे. आजी म्हणते जेलचीच. भिंत वरपर्यंत दिसते, माथ्याचा कठडाही दिसतोय. डाव्या कोपऱ्यात लहानसं झाड आहे, चुनकळी काका, तुम्ही सांगा पिंपळ का ते. स्कॅन करून टाकतो.

टी-स्क्वेअर
हे फार मोलाचं आहे. स्कॅन करताना कडा कापू नका, पूर्ण फोटो घ्या, मागच्या बाजूचाही. आजोबा भिंतीला टेकून उभे आहेत की लांब? आणि त्यांची उंची किती होती? ती कळली तर त्यावरून तटाची उंची काढता येईल.

राबोडीकर_९९
टेकून. एक हात भिंतीवर आहे. आजीला विचारलं, ती म्हणाली पाच फूट चार इंच, टोपी सोडून.